तांब्यावरचं नाव

“युद्धात बुडालेली बोट. तीनशे फूट खोल, बर्फासारखं पाणी. असला सूट असल्याशिवाय तिथवर कुणी उतरूच शकत नाही,” मिरीकर म्हणाले. तो सूट दिवाणखान्यातच टांगला होता. शेजारी, बोटीतून उचलून आणलेल्या पितळी तांब्यात त्यांनी प्लॅस्टिकचे गुलाब खोचले होते.

वर्तमानपत्रातला फोटो पाहून दाभोळहून आलेल्या तांडेलबाईंनी गुलाब काढून सोफ्यावर ठेवले आणि तांब्यावर कोरलेलं नाव वाचलं. धाकू तांडेल. मग पिशवीतून फुलपात्र काढलं. त्यावरही तेच नाव होतं. तांब्याच्या तोंडावर ते चपखल बसलं.

“अहो ताई, जीव धोक्यात घालून आणलाय मी तो.”

“हो, वाचलं.” बाईंनी तांब्या आणि फुलपात्र पिशवीत ठेवलं. “आमचे आजोबा त्या बोटीवर खलाशी होते. तेही उतरले तिथवर. नुसत्या बंडीवर.”