साबण लावलेली तक्रार

थोरल्या भाऊला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी तो नगरसेवक म्हणून निवडून आला. धंदा सलूनचा, खुर्ची एकच. तक्रारी सांगणारे सकाळपासून बाकावर ठाण मांडून बसायचे आणि गिऱ्हाईक बसायला जागा नाही म्हणून परत जायचं.

“त्या मानधनात पोरींचं दूधसुद्धा येत नाही. वाढवून मागा, नाहीतर राजीनामा द्या,” वहिनीने निर्वाणीचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नळाची तक्रार घेऊन आलेल्या मास्तरांना भाऊने खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि गालांना साबण फासला.

“हं, बोला मास्तर. आता निवांत ऐकतो.”

साबण लागल्यावर उठून जाणार कोण? तेव्हापासून वॉर्डातला प्रत्येक तक्रारदार दाढीचे पैसे देऊनच बाहेर पडू लागला.

पुढे मानधन दुप्पट करायचा ठराव आला. तो भाऊच्या एका मताने पडला.

“अहो, डोकंबिकं फिरलंय का तुमचं?” वहिनी कडाडली.

“ऐकायचाच पगार मिळतोय म्हटल्यावर दाढीचे पैसे कोण देईल गं?”



भाऊ यंदा थंडीत वारला. त्यानंतर कितीतरी दिवस अख्खा वॉर्ड दाढी वाढवून फिरत होता.