उलटा ठसा

नणंदेनं लाकडात कोरून कागदावर छापलेलं घुबड पाळण्याशेजारच्या भिंतीवर लागलं, तेव्हाच दाक्षायणीनं ते काढायला हात पुढे केला होता.

"लक्ष्मीचं वाहन हाय की वहिनी! एवढं शिकून भिताय होय?" महेश्वरी हसली होती.

निदान घुबडाचं तोंड डावीकडे, खिडकीकडे होतं. पाळण्याकडे पाठ होती. तेवढ्यावरच दाक्षायणीनं मनाची समजूत घातली.

आज दुपारी भांडी लावून ती खोलीत आली, तर घुबड पाळण्याकडे बघत होतं.

तिनं तिथूनच फोन लावला. "वन्स, त्यानं मान फिरवलीय. उजवीकडे बघतंय."

"उजवीकडं ठशातलं बघतंय, वहिनी. ठसा उलटाच कोरावा लागतो, तवा कागदावर सुलटं उमटतंय."

"ठसा तुमच्याकडे आहे. मी भिंतीवरचा कागद बघतेय."

महेश्वरीला हसू फुटलं. "मग कागदाचाच ठसा झाला म्हणायचा! आता त्याचा छाप कुटं उमटलाय, तेवढा शोधा."

दाक्षायणी हसली नाही. शिवू मघापासून एकदाही कुरकुरला नव्हता. ती पाळण्यात वाकली.

शिवू जागा होता. उताणा निजल्या निजल्या मान पार फिरवून, पापणी न हलवता, तो खिडकीकडे बघत होता.