दोनचा पहारा

“कर्णा माझ्या घराकडे तोंड करून कुणी बांधला?” शेफालीनं देवळाच्या पायरीवरूनच विचारलं.

कोंडिबा मारुतीसमोर एकटे उभे होते. गळ्यात वीणा, पुढ्यात माईक. सप्ताहाचा चौथा दिवस, चैत्रातली दुपार. रात्री कीर्तनाला देऊळ पुरत नाही. दुपारी मात्र गाव कामाला गेलेलं असतं आणि वीणेजवळ एकच माणूस उरतो. तो उभा असला म्हणजे झालं. नाम खंडत नाही.

“पोरांनी बांधला,” कोंडिबा म्हणाले. “मुद्दामच. म्या नको म्हनलं न्हाई, ते बी सांगून टाकतो. देवापुढं हुबा हाये.”

शेफाली भांडायच्या तयारीनं आली होती. इतक्या सरळ उत्तराची तिनं अपेक्षा केली नव्हती.

वर्षापूर्वी ती पुण्याहून मार्गासनीला राहायला आली. पुस्तकं आपल्या आवाजात रेकॉर्ड करायची, त्यावर तिचं पोट. शांतता हवी म्हणून तिनं ओढ्याकाठी जागा घेऊन घर बांधलं. जागेतून एक पायवाट जात होती. त्या वाटेनं गुरं शिरायची, रोपं खायची. पाडव्याला तिनं फाटक बसवून कुलूप घातलं. गावानं एकदा सांगून पाहिलं. तिनं सातबारा दाखवला. मग कर्ण्याचं तोंड फिरलं.

“काका, संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग गेलं नाही तर माझं काम जाईल.” तिनं मोबाईल पुढे धरला. “हा पोलिसांना अर्ज. लिहून तयार आहे. ते येतील आणि माईक उचलून नेतील.”

“फिरवतो की कर्णा. पर ही खाली ठिवता येत न्हाई. सात दिस भुईला टेकायची न्हाई. माझ्या बापाच्या आदीपासनं टेकल्याली न्हाई.” कोंडिबांनी वीणेवरून हात फिरवला. “तुमीच धरा जरा.”

“मी?”

“आंगोळ झालीया न्हवं?”

“झालीय. पण मला गाता येत नाही.”

“मला तरी कुठं येतं? गावानं घेतलंय सोसून. नुस्ती तार छेडायची, रामकृष्णहरी म्हनायचं. आन घ्यायच्या आदी पाया पडायचं. माझ्या न्हाई, वीणेच्या. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याचे पाय ते तिचे पाय.”

शेफालीनं चपला काढल्या आणि घाईघाईत वाकली. वीणा तिच्या गळ्यात आली तसे कोंडिबाही वाकले. ती मागं सरकली.

“सरकू नका. देनाऱ्यानं बी पडायचं असतं. रीत हाये.”

त्यांनी शिडी लावली आणि कर्ण्याचं तोंड डोंगराकडं केलं. शेफालीच्या खिडकीला चार दिवसांनी विसावा मिळाला. खाली उतरून कोंडिबा पायरीवर बसले आणि पोटऱ्या चोळू लागले.

“घ्या आता ही,” शेफाली म्हणाली.

“वाईच बसू द्या. गोळे आलेत पायांत. माझा पहारा दोनला सपला.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

“मग पुढचा माणूस कुठे आहे?”

“येतोय.”

“पाऊण तास उशिरा? वेळेची किंमतच नसते इथे कुणाला.”

कोंडिबांनी पाय लांब केले. मारुतीकडं पाहिलं आणि पुन्हा पोटऱ्या चोळल्या.

तीन वाजता चिमाजी आले. ओढ्यापलीकडच्या वाडीवरचे, सत्तरी ओलांडलेले. सप्ताहाचे सात दिवस ते पायांत वहाण घालत नसत. दाराशी ठेवलेल्या घागरीतलं पाणी त्यांनी पायांवर ओतलं. तळव्यांना डांबर चिकटलं होतं. एका टाचेवर फोड आला होता.

उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत फक्त एक बाई उभी दिसत होती, गळ्यात वीणा घेतलेली.

“उशीर झाला, माय,” ते म्हणाले. “वड्यातनं यायचो तवा धा मिंटांत हितं. चैताच्या उन्हात बी घोटाभर पानी असतंया, वर पाय गार व्हायचे. आता त्या पुन्याच्या बाईनं फाटकाला कुलूप घातलंया. डांबरीनं वळसा घालून यावं लागतंय. एक वाजताच घरनं निघतो. आज वाटंत बसाया लागलं.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “तुमी कुनाच्या पाव्हण्या?”

शेफालीचं बोट तारेवर थांबलं.

“तार छेडा, ताई,” कोंडिबा पायरीवरून म्हणाले.

चिमाजी पुढे आले. गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि त्यांनी तिच्या पावलांवर कपाळ ठेवलं. मग हळूच वीणा आपल्या गळ्यात घेतली. रामकृष्णहरी सुरू झालं.

आता तिची पाळी होती. रीत तिला कुणी पुन्हा सांगितली नाही. ती वाकली. एवढं पाणी ओतूनही ते पाय तापलेलेच होते. तिनं हात लगेच काढला नाही.

ती पायरीशी आली तेव्हा कोंडिबांनी हळू आवाजात विचारलं, “आन त्यो अर्ज?”

“आधी किल्ली शोधते,” शेफाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोंडिबांच्या गळ्यात वीणा होती. कर्णा डोंगराकडं तोंड करून गात होता. दोनला दहा मिनिटं कमी असताना चिमाजी आले. घागरीजवळ ते थांबलेच नाहीत. पायरीपासून थेट वीणेपर्यंत, फरशीवर त्यांची ओली पावलं उमटत गेली.