वकिलाला घर द्यायचं नाही

जुळे सोलापुरातला आमचा नवा फ्लॅट भाड्यानं मागायला सगळ्यात आधी सिद्धेश्वरी नावाची एक वकीलबाई आली. पोलीस पडताळणी, रजिस्टर करार, सगळं मीच करून घेते म्हणाली. मी तिला दारातूनच परत पाठवली. वकिलाला घर दिलं की ते परत मिळत नाही, हे आमच्या अक्कलकोटात शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

घर दिलं ते बायकोच्या मावसभावाला, बसवराजला. बायको म्हणाली, "निदान अकरा महिन्यांचा करार तरी करा की." मी तिच्यावरच खेकसलो, "आपल्याच माणसाकडं कागद मागू? सोयऱ्याधायऱ्यांत तोंड कसं दाखवू?" आणि चहा पिता पिता किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

काल तिथल्या शेजाऱ्यांचा फोन आला, "बसवराज कुटं राहतोय हितं? तुमच्या घरात भलतंच कोणीतरी हाय की हो!"

माझं डोकंच फिरलं. सकाळची पहिली एसटी धरून सोलापूर गाठलं, दार बडवलं आणि मजला गोळा होईल एवढ्यानं ओरडलो, "कोण आहे आत? आत्ताच्या आत्ता बाहेर निघा! घर माझं आहे!"

दार उघडलं. समोर सिद्धेश्वरी.

"आवाज खाली, काका! तुम्ही हाकललंत, बसवराजनी पोटभाड्यानं ठेवलं. त्यांनी करून दिलेला रजिस्टर करार माझ्याकडं आहे...

...त्यांचा कुठला कागद तुमच्याकडं आहे?"