मापाचं दार

तिसरं ब्लेडही कटकन तुटलं, तसा शिंप्याने करवतीचा सांगाडा अंगणात भिरकावला. भंगारवाल्याकडून आणलेलं लोखंडी दार खाली आडवं पडलं होतं. अर्धं पत्र्याचं, अर्धं गजांचं. गजांची टोकं वरून चार बोटं बाहेर निघालेली, आणि मागच्या खोलीची चौकट काही त्यांच्यासाठी उंच होणार नव्हती. सकाळपासून घासतोय, पण गजाला धड ओरखडासुद्धा उठला नव्हता.

कसा उठणार? दुकानदाराने विचारलं होतं, "काय कापायचंय?"

"लोखंड."

"अहो, खिळाही लोखंडच आणि रेल्वेचा रूळही लोखंडच. नक्की काय करताय ते सांगा, म्हणजे हत्यार देतो."

तेच तर सांगायचं नव्हतं. समोर टांगलेली करवत दिसली ती घेऊन शिंपी निघाला. ग्राइंडर भाड्याने मिळत होता, पण त्याचा आवाज चार घरं ओलांडून जातो. आणि वेल्डरला बोलवावं, तर आजूबाजूचा एकूण एक वेल्डर बाबांच्या हाताखाली शिकलेला. बापाला कोंडायचं दार बापाच्याच चेल्यांकडून करून घ्यायचं? आधीच बोभाटा कमी झाला होता की काय!

परवा भरदुपारी बाबा हमरस्त्याच्या मधोमध उभे सापडले. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून, नाहीतर घरी आणायला काही उरलं नसतं. "मला दोनच डोळे आहेत," शिंप्याची बायको त्या दिवशी म्हणाली, "आणि तेही कधीतरी मिटतात." तिचं काय चुकलं? काहीच नाही. तो दिवसभर दुकानात मशीनवर, ती घरात एकटी. पुढच्या वेळी ट्रकवाला वेळेवर ब्रेक दाबेलच असं कोणी लिहून दिलंय?

"ब्लेड उलटं लावलंय तुम्ही."

शिंपी गर्रकन वळला. बाबा पायरीवर उभे होते. सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली.

"आवाजावरूनच कळलं मला. दाते पुढे पाहिजेत, साहेब. लोखंड ढकलताना कापलं जातं, ओढताना नाही. आणि हे जाड दात्यांचं कशाला घेतलंत? गज पोकळ आहेत. बारीक दाते लावा, नाहीतर अडकून तुटणारच."

साहेब! पोटच्या पोराला साहेब! पण खरं सांगायचं तर शिंप्याला हायसंच वाटलं. बाबा त्याला गिऱ्हाईक समजत होते, आणि गिऱ्हाइकाला कोणी जाब विचारत नाही. असं वाटल्याची त्याला लगेच लाजही वाटली.

बाबा आत गेले. सकाळी सुनेचं नाव त्यांना सापडत नव्हतं. खाटेखालची पेटी आणि तिच्यातलं कागदात गुंडाळलेलं ब्लेड मात्र लगेच सापडलं. ते त्यांनी सांगाड्यात ताणून बसवलं, दारावर पाय रोवला आणि करवत चालवायला सुरुवात केली. लोखंडाचा बारीक कीस पडू लागला. एक टोक गळालं, दुसरं गळालं.

"कडी कुठे लावणार?"

"बाहेरून," शिंपी म्हणाला.

करवत थांबली. "बाहेरून? मग आत कोण?"

कुत्रा पाळतोय, असं सांगायचं शिंप्याने ठरवून ठेवलं होतं. ते काही तोंडातून निघेना. "म्हातारा आहे घरात. डोकं ठिकाणावर नसतं. उठतो आणि थेट रस्त्यावर जातो."

"अरेरे!" बाबा म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "हातपाय धड आहेत?"

"धड आहेत."

"मग तर कठीणच. उभं करा बघू दार."

शिंप्याने दार उभं करून धरलं. बाबा पलीकडे गेले. गजांतून त्यांनी हात खांद्यापर्यंत बाहेर काढला, गाल लोखंडाला टेकवला आणि बोटांनी चाचपडत शिंप्याने कडीसाठी केलेली खडूची खूण गाठली. "पोचतोय की हात. माझ्याएवढा असेल, तर काढेल तो कडी. खाली घ्या. पत्र्यावर घ्या."

शिंप्याने खूण पुसली, खाली केली.

"अजून खाली."

त्याने अजून खाली केली. बाबांची बोटं पत्र्यावर फिरली, ताणली गेली, आणि खुणेच्या वरच राहिली.

"आता नाही पोचत," ते समाधानाने म्हणाले. "अगदी मापात बसलं."

दार पुन्हा आडवं झालं. बाबांनी पुन्हा करवत धरली.

"त्याला सांगितलंत का?"

"कोणाला?"

"म्हाताऱ्याला हो!"

"नाही."

"सांगा. तो झोपलेला असताना बसवू नका. माणूस उठतो, समोर गज बघतो, आणि त्याला वाटतं आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय. मग विचारत बसतो बिचारा, काय केलं मी, काय केलं मी. आणि आठवत तर काहीच नसतं."

शिंप्याने मान खाली घालून दार धरलं. तोंड उघडलं असतं, तर 'बाबा' एवढंच निघालं असतं.

"साहेब, दार नीट धरा," बाबा म्हणाले. "हलतंय."