ऐकिवात

"हे मी लिहून देणार नाही," म्हातारी म्हणाली. "खोटं आहे."

कोर्टाच्या इमारतीतल्या मोफत कायदा मदत केंद्राच्या खोलीत एक टेबल होतं, तीन खुर्च्या आणि फायलींचं कपाट. टेबलाच्या अलीकडे म्हातारी आणि तिची सून. पलीकडे कायद्याच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, दर शनिवारी चार तास विनामोबदला काम करणारी. सुनेने आल्याआल्या आपली खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून घेतली होती. विद्यार्थिनीला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

विद्यार्थिनीने प्रतिज्ञापत्रातलं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. "माझा मुलगा जिवंत असल्याचे गेल्या सात वर्षांत माझ्या ऐकिवात आलेले नाही."

"येतं की ऐकू. रोज दिवेलागणीला कडी वाजते. दोनदा. तशी तोच वाजवायचा."

कारकून कपाटापाशी शिक्के पुसत उभा होता. "वारा असेल, आजी."

"वाऱ्याला दोनपर्यंत मोजता येतं होय रे?"

कारकून पुन्हा शिक्क्यांकडे वळला.

अर्ज सुनेचा होता. तिला मुलीला घेऊन परदेशात बहिणीकडे कायमचं जायचं होतं. मुलीच्या पासपोर्टसाठी बापाची संमती लागत होती. नाहीतर बाप मयत धरावा असा कोर्टाचा निकाल. अर्जाला बेपत्ता माणसाच्या आईचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. सोमवारपासून कोर्टाला सव्वा महिन्याची सुट्टी लागत होती. दाखल करायचं तर आजच, एकच्या आत. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आजी, ऐकिवात म्हणजे आवाज नव्हे," विद्यार्थिनी म्हणाली. "बातमी. कुणी त्याला पाहिलं, पत्र आलं, फोन आला, असं काही."

"आणि कडी वाजली तर ती बातमी नाही?"

कारकुनाने हसत सुनेला विचारलं, "काय हो, तुम्हालाही येते का ऐकू?"

"येते," सून म्हणाली. ती दाराकडेच बघत होती.

म्हातारी खुर्चीत ताठ झाली. "बघा! सात वर्षांत कधी बोलली नाही मला."

"काय बोलायचं? दुसरी कडी वाजायच्या आत दार उघडावं लागायचं मला." सुनेने डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत खाली ओढली. "अजून उठते. पण दाराशी जात नाही."

"रागीट होता," म्हातारी विद्यार्थिनीला म्हणाली. "वाईट नव्हता."

विद्यार्थिनीने घड्याळाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "आजी, कोर्ट नुसत्या तुमच्या कागदावर निकाल देत नाही. आधी त्याच्या नावाची नोटीस घराच्या दारावर चिकटवतात. मग तारखेच्या दिवशी शिपाई व्हरांड्यात उभा राहून त्याच्या नावाचा पुकारा करतो. तीनदा. तरी तो आला नाही, तरच पुढचं."

"मोठ्याने करतो?"

"खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं."

"मी दार लावून मारत आले हाका," म्हातारी म्हणाली. "शेजारपाजारचे वेडी म्हणतील म्हणून." तिने अंगठा पुढे केला. "कुठे उठवू?"

विद्यार्थिनीने अंगठा उठवून घेतला. त्याखाली लिहिलं, 'मजकूर वाचून दाखवला व समजावून सांगितला,' आणि सही केली. म्हातारी लगेच उठली आणि हातातली काठी न टेकता व्हरांड्यात गेली.

कारकुनाने कागदावर शिक्का मारला. मग विद्यार्थिनीचं कॉलेजात दाखवायचं सेवेच्या तासांचं कार्ड ओढून त्यावरही मारला. "झालं, वकीलबाई. तुमचे चाळीस तास भरले. शंभर भरायच्या आत सुटलात."

सून उठली नव्हती.

"मॅडम, तो पुकारा टाळता येतो का?"

"नाही येत."

"तुम्ही आधी सांगितलं नव्हतंत."

"आत्ताही सांगितलं ते आजींनी अंगठा द्यावा म्हणून..." विद्यार्थिनी थांबली. "रीतच आहे ती, ताई. सगळ्यांच्याच नावाचा करतात."

"तेव्हा मी कुठे बसायचं?"

"पुढच्या बाकावर. न्यायाधीशांकडे तोंड करून."

"आणि दार?"

"मागे येतं."

सुनेने मान हलवली. तिने खुर्चीच्या दोन्ही कडा हातांनी धरल्या होत्या. "तुम्ही याल?"

कार्डावरच्या शिक्क्याची शाई अजून ओली होती. विद्यार्थिनीने ते पालथं घातलं. "येईन. तुमच्या मागच्या बाकावर बसेन. दाराच्या आणि तुमच्या मधे."

"त्याचे तास मिळायचे नाहीत हं," कारकून म्हणाला.

बाहेरून म्हातारीचा आवाज आला. तिने व्हरांड्यातल्या शिपायाला गाठलं होतं आणि मुलाचं नाव कसं घ्यायचं ते ती त्याला शिकवत होती. "असं नाही. शेवटी लांबव जरा. ओळखू यायला हवं त्याला."

शिपायाने तसा पुकारा करून पाहिला. पहिल्या खेपेला तो चुकला.

दुसऱ्या खेपेला नाव बरोबर आलं, आणि सून उठून उभी राहिली.