सहा तास आधी

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि मुलगा मात्र जन्माचा उशिरा येणारा. "अख्ख्या गावाची घड्याळं वेळेवर आणली मी, घरातलं हे एक काही जुळेना," असं ते त्याच्यासमोरच गिऱ्हाइकांना सांगायचे.

मंगळवारी ताईचा फोन आला. "असशील तसा नीघ. बाबा सारखं तुझंच नाव घेताहेत." तो अंगावरच्या कपड्यांनिशी विमानतळावर धावला. विमान संध्याकाळी पाचचं. मध्ये अख्खा महासागर, नऊ हजार किलोमीटर, दहा तास. पण तिकडची घड्याळं सोळा तास मागे, म्हणून तिकिटावर पोचायची वेळ होती त्याच मंगळवारी सकाळी अकराची.

दहा तास त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. समोरच्या पडद्यावरचं इवलंसं विमान जागचं हलेना. जेवणाचा ट्रे त्याने तसाच परत केला, शेजारच्या आजींना चारदा उठवून फेऱ्या मारल्या, आणि बाबांना ऐकवायचं वाक्य मनात घोळवत राहिला, "बाबा, निघायच्या सहा तास आधीच पोचलोय. आता बोला!"

तो बाहेर आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. त्याने तोंड उघडायच्या आत ताईने त्याचा हात घट्ट धरला. "साडेनऊला गेले रे."



आयुष्यात पहिल्यांदाच तो सहा तास आधी पोचला होता, आणि तरीही त्याला दोन तास उशीर झाला होता.